पाइनच्या अलीकडे

कुओपिओ, ५ जानेवारी १९७१

ती. तावेतीदादास सायमाचा शि. सा. न. वि. वि.

लेम्पीवहिनीला कबरीपर्यंत पोचवल्यापासून तुझी एक ओळ नाही. खातोस तरी काय? तुला बटाटे उकडता येत नाहीत हे वहिनी साऱ्या गावाला हसून सांगायची. इकडे ये, खोली तयार आहे.

तुझ्या शेजारच्या याल्मारीने मात्र धास्ती लावली. म्हणे, कबरस्तानाच्या वाटेवरच्या पाइनच्या झाडावर तू वहिनीच्या नावाची अक्षरं कोरू दिली नाहीस, चाकू हिसकावलास! दादा, गेलेलं माणूस कबरीतून घराकडे वळलं तर झाडावर स्वतःचं नाव वाचून मागे फिरतं, म्हणून तर कोरायचं. तिला विसावा नको का?

लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.

तुझी सायमा

कोर्पिमॅकी, १० जानेवारी

चि. सायमास अनेक आशीर्वाद.

बटाटे जमतात. करपलेलेही पोटात जातात.

त्या पाइनवर माझीही अक्षरं आहेत, विसरलीस? चव्वेचाळीस साली आघाडीवरून माझ्या नावाची शवपेटी आली. आत दुसराच कोणी बिचारा होता आणि तुम्ही रीतसर कोरून मोकळे झालात. मी जिवंत परतलो तर झाडापाशी पाय जागचे हलेनात. लढाईने डोकं फिरलंय म्हणालात. लेम्पी मात्र आली आणि हात धरून मला पलीकडे घेऊन गेली. तेव्हापासून मी कुठूनही परतलो की ती तिथे उभी. भांडण झालेलं असलं तर तोंड फिरवून हात पुढे करायची.

तिला पुरून परतताना मी पुन्हा अडलो. हात आला, सायमा. गारठलेला, पण धरायची तऱ्हा तिचीच. दुकानातून परततानाही येतो. मला भीती नाही वाटत गं, बरं वाटतं. तिला अडवू नका. ती अडली तर माझं घर मला बंद झालं.

माया आहे तशी असो.

तावेती

कुओपिओ, १५ जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचलं. रागाव हवं तर, पण मी याल्मारीला फोन केला. आज तू डॉक्टरकडे चर्चच्या गावी जाशील तेवढ्यात तो वहिनीची अक्षरं कोरेल. मेलेल्या माणसाच्या हाताला धरून कोणी संसार करतं का? रविवारी तुला न्यायला येते.

रुसलास तरी आशीर्वाद मात्र आवरू नकोस.

सायमा

चर्चचं गाव, १५ जानेवारी

चि. सायमास आशीर्वाद.

मघाशी डॉक्टरकडून घराकडे परतलो तर खोडावर तिची अक्षरं, लाकूड अजून पांढरं. कोणी सांगितलं ते याल्मारीने कबूल केलं. तुझ्यावर राग नाही.

लेम्पी झाडाच्या अलीकडे, कबरस्तानाच्या बाजूलाच उभी होती. इतके दिवस नुसता हात असायचा, आज सगळी दिसली. मला झाडापर्यंत आणलं, पुढे तिचं पाऊल पडेना. मग पाठीवर ढकलून म्हणाली, जा, चूल पेटव, इथे गारठून मरशील. आणि माझे पाय सुटले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एकटा पलीकडे जाऊ शकलो असतो.

माझी गाय आता याल्मारीने न्यावी. जन्मभर मी लेम्पीचं ऐकलं, एवढं एक ऐकणार नाही. तिला तिथेच उभी करून हे पत्र टपालात टाकायला पुन्हा गावात आलोय. बर्फ पडायला लागलाय आणि तिच्या अंगावर कोट नाही, म्हणून आवरतो.

आम्हा दोघांवर लोभ राहो.

तावेती