अमेरिकन विकला गेला

स्कारवोग, नॉर्वे
१४ एप्रिल १९९७

ती. बाबा,
आधी आशीर्वाद मागतो, मग बाकीचं. वि. वि.

मैदानावरचा बर्फ परवा निघाला. निघाला म्हणजे आम्हीच काढला. कोच ओडवार फावडं घेऊन पुढे, क्लबचा अध्यक्ष मागे, आणि आम्ही सगळे खेळाडू मध्ये. मला वाटलं, कामाची माणसं संपावर गेली असावीत. आमचा गोलकीपर कोरे म्हणाला की संप कसला, क्लब आपला तर फावडंही आपलंच. मी म्हटलं, बरं बाबा.

पहिली मॅच एक-शून्य जिंकलो. गोललाइनवरून दोन चेंडू मी डोक्याने काढले. पण जिंकूनही मन थाऱ्यावर नाही. करार ऑक्टोबरात संपतो, आणि मला इथेच आणखी दोन वर्षं हवी आहेत. वय सत्तावीस, पाच वर्षांत चार क्लब. ओहायोत कपाटावरचं माझं नाव खरवडलेलं दिसलं, तेव्हा कळलं की आपण संघात नाही. बेल्जियममध्ये बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, वर खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून कोणी कुजबुजलं की माझी पाठ ताठ होते. आणि ही माणसं तर कुजबुजण्यात पटाईत! मी आलो की गप्प. काही विचारलं तर हो म्हणतात, पण तेही श्वास आत ओढून, जसा काही तोंडात गरम बटाटा गेलाय. पुढच्या वर्षी मी हवा आहे ना, असं कोचला विचारलं, तर त्याने तसाच श्वास ओढला, हो म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागला. याला हो समजायचं का?

आमचे कपडे धुणारी बर्गल्यूत आजी बरी आहे, माझे मोजे हीटरवर वाळवून देते. समोरच्या बेटावर जाणारी फेरीबोट यूरून नावाची मुलगी चालवते. यूरूनचं म्हणणं, श्वास ओढून म्हटलेला हो हाच खरा. यूरूनकडून रोज थोडी भाषा शिकतो. माझे उच्चार बोकडासारखे आहेत असंही यूरूनच म्हणाली.

इदालिनाला सांगा की पत्राचं उत्तर द्यायला हात झिजत नाही.

आपला,
नेल्सन


फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स
२८ एप्रिल

चि. नेल्सन यास,
देव तुझं भलं करो. तुझ्या गुडघ्यांचं जरा जास्तच करो. वि. वि.

हे पत्र मीच हाताने लिहितोय. ऑफिसात टाइप करायला दिलं की तुझी बहीण इदालिना अर्धा मजकूर गाळते आणि वर मलाच शिकवते की बाबा, असं लिहीत नाहीत.

तुझा तो कोच मला पसंत नाही. हो म्हणताना जो श्वास आत घेतो, तो पुढचं वाक्य गिळतो. मी पोर्तुगालच्या साऊं मिगेल बेटावरून इथे आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. इंग्रजी मी शिडीवर शिकलो. खाली स्वयंपाकघरात नवरा-बायको बिनधास्त बोलायचे, कारण छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्याला कान नसतात असं त्यांना वाटतं. कोण घर विकणार, कोण बायकोला सोडणार, कोण मला उद्यापासून येऊ नको म्हणणार, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. आज माझ्या सहा गाड्या फिरतात त्या हाताच्या जोरावर नाही, कानाच्या जोरावर. तेव्हा तू विचारत बसू नकोस. ऐक.

न्यू बेडफर्डला एक म्हातारा नॉर्वेजियन मच्छीमार माझं गिऱ्हाईक आहे. त्याच्या छपरावर चढलो आणि खाली उतरताना नऊ शब्द घेऊन आलो. सोबतच्या चिठ्ठीवर आहेत: काढून टाकणं, गुडघा, म्हातारा वगैरे. त्यात ‘सोल्ग्ट’ म्हणजे विकला गेला. हा आधी पाठ कर. कानावर पडला की कळव: कोण बोललं, कोणाशी बोललं, हळू की हसत.

आणि पहिल्या मॅचची कॅसेट पाठव. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवीन. तू नीट दिसशील अशी पाठव. ओडवारचा फोन नंबरही लिही. घरात असलेला बरा, नाही म्हटलं तरी परका देश.

इदालिनाने तुझ्या आईच्या पद्धतीचा गोड पाव पाठवलाय. खालून करपलाय. तिला बोलू नकोस, आईला जाऊन दोनच वर्षं झाली, हात बसायला वेळ लागतो.

लोभ नवा नको, आहे तो टिकव.
तुझा बाप,
आर्लिंदो मेदेइरोस


स्कारवोग
२७ मे

ती. बाबा,
आशीर्वाद असू द्या, या वेळी खरंच लागणार आहे. वि. वि.

कॅसेट आणि नंबर पोचला असेल. आता तुमच्या चिठ्ठीचं ऐका. पडला शब्द कानावर.

शनिवारी बाहेरची मॅच होती. येताना बस फेरीवर चढवली. यूरून वर सुकाणूच्या चाकापाशी होती, म्हणून तिची कॉफी घेऊन मी वर गेलो. पाऊस होता, जॅकेट खालीच विसरलो, पण तिने मला धक्का किती अंतरावरून दिसतो ते दाखवलं आणि वेळ कसा गेला कळलं नाही. ओलाचिंब होऊन खाली आलो, तर बर्गल्यूत आजी कोरेला सांगत होती की अमेरिकन ‘सोल्ग्ट’ आहे. स्पष्ट ऐकलं, बाबा. कोण बोललं: आजी. कोणाशी: कोरेशी. हळू की हसत: हसत! अख्खा बाक हसला आणि मग सगळे समुद्राकडे बघायला लागले, जसं काही समुद्र आजच आणून ठेवलाय.

म्हणजे कपडे धुणाऱ्या बाईपर्यंत बातमी पोचली आणि मला पत्ता नाही. ओहायोचंच परत.

सोमवारी ओडवारच्या खोलीत फोन वाजला. फोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता. इतक्या मोठ्याने इथला माणूस बोलत नाही, तो आपल्याकडचाच कोणीतरी होता. मला पाहून ओडवारने दार लोटून घेतलं. मंगळवारी सरावात मी कोरेलाच धडक दिली. तो म्हणाला की बाबा रे, मी तुझ्याच बाजूने खेळतो. मी म्हटलं, ते बघू.

काय करू? सरळ विचारू का? की तुमच्यासारखं शिडीवर बसून राहू?

आपला गोंधळलेला,
नेल्सन


फॉल रिव्हर
९ जून

चि. नेल्सन यास,
आशीर्वाद वाटेतच आहे, पत्राच्या आधी पोचेल. वि. वि.

विचारू नकोस. विचारलं की माणूस सावध होतो.

आणि थोडा शांतपणे विचार कर. विकलं जाणं दर वेळी वाईटच असतं असं नाही. मी चांगली घरं विकली जाताना पाहिली आहेत आणि नव्या मालकाने त्यांची पहिल्यापेक्षा जास्त काळजी घेतलेलीही पाहिली आहे. आता उदाहरणच द्यायचं तर प्रॉव्हिडन्सला नवा संघ उभा राहतोय म्हणतात. आपल्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. मी आपलं उदाहरण दिलं. तिथला मॅनेजर भला माणूस आहे असं ऐकतो. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काही नसतं.

कॅसेट सगळ्यांना फार आवडली. सगळ्यांना म्हणजे ज्यांनी पाहिली त्यांना.

पावसात जॅकेट न घालता वर उभं राहायची काय गरज होती? बोट चालवणाऱ्याचं काम चालवणाऱ्याने करावं. इदालिना माझ्यावर रागावलेली आहे. कारण सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही.

तब्येतीला जप, माझ्यासाठी नाही तर गुडघ्यासाठी.
तुझा बाप,
आर्लिंदो


स्कारवोग
२४ जून

ती. बाबा,
नमस्कार. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही, विचारलं. मॅचच्या आधी, ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्यांदेखत. म्हटलं, मला विकलं असेल तर आत्ता तोंडावर सांगा, मी गेल्यावर कपाट खरवडू नका. मग मागून बर्गल्यूत आजी हसायला लागली ती टॉवेल तोंडाला लावूनच. तिने सांगितलं की अरे येड्या, तुला क्लबने नाही विकलं, तुझा तूच विकला गेलास. आपण म्हणतो ना, पोरगा कामातून गेला? तेच. एखाद्या मुलीपायी ज्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही त्याला इथे ‘सोल्ग्ट’ म्हणतात. कोरे म्हणाला की यूरूनच्या बोटीवर तिकीट न काढता रोज तीन खेपा कोण मारतो, ते सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त खेपा मारणाऱ्याला नाही. तुमच्या मच्छीमाराने तुम्हाला अर्धाच अर्थ दिला, बाबा.

मी लाल झालो, सगळे हसले, मीही हसलो. पत्र इथेच संपलं असतं.

पण ओडवारने मला खोलीत नेलं. म्हणाला की आता तू विचारलंच आहेस तर ऐक, खरेदीची विचारणा झालीय. प्रॉव्हिडन्सहून दोनदा फोन आला. ओडवारने त्यांना कळवलं की खेळाडू स्वतः बोलल्याशिवाय मी हलणार नाही. त्यावर तो मॅनेजर म्हणाला की मुलाचे वडील तयार आहेत, तेच कॅसेट घेऊन आले होते, शेजारी बसून जागोजागी थांबवून दाखवत होते. इतके दिवस ओडवार हे बोलला नाही, कारण त्याला वाटलं की मला सगळं ठाऊक आहे आणि मीच तोंड चुकवतोय. तो माझ्यावर संशय घेत होता, मी त्याच्यावर. आणि मी सगळा संशय पत्रात लिहून पाठवत होतो तो कोणाला?

ओहायोत नाव खरवडणारा निदान परका होता.

मॅच हरलो. दोन्ही गोल माझ्या बाजूने झाले. का केलंत, ते लिहा. उदाहरण देऊ नका.

नेल्सन


फॉल रिव्हर
६ जुलै

चि. नेल्सन यास,
आशीर्वाद मागितला नाहीस तरी देतो, तो माझा हक्क आहे. वि. वि.

केलं. मीच केलं. इदालिनाला कॅसेट कुठे गेली ते मे महिन्यातच कळलं होतं, तेव्हापासून ती माझं जेवण टेबलावर आदळते. काल तिने तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली की बाबा, हे मात्र स्वतः लिहा, मी टाइप करताना एक शब्दही गाळणार नाही.

तुझ्या एप्रिलच्या पत्रात कोचपेक्षा त्या बोटवालीचं नाव जास्त वेळा होतं. तुला ते कळलं नाही. मला वाचता वाचता ऐकू आलं. मी मनात म्हटलं, गेला. त्या आजीच्या महिनाभर आधी मी तेच म्हटलं होतं, फक्त मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिडन्सला गेलो, कॅसेट आल्यावर पुन्हा गेलो. मला वाटलं, कामाच्या निमित्ताने परत येईल, नाव विसरेल. तुला घरी आणायचा डाव टाकतोय असं वाटलंच नाही, छप्पर गळायच्या आधी पत्रा बसवतोय असं वाटलं. तू घाबरलास तेव्हा मी तुझी भीती पुसायला हवी होती. मी ती कामाला लावली. याबद्दल मला माफ कर.

प्रॉव्हिडन्सच्या माणसाला काल नकार कळवला. तो फोनवर माझ्यावर ओरडला. ओरडू दिलं.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. माझ्या वडिलांचं दर वसंतात एक पत्र यायचं, कधी येतोस? मी लिहायचो, पुढच्या उन्हाळ्यात. खोटं नव्हतं, लिहिताना खरंच तसं वाटायचं. अकरा उन्हाळे गेले. बाराव्याला गेलो तेव्हा ते नव्हते. शेजारीण म्हणाली की आर्लिंदो, तो वेडा म्हातारा दर मे महिन्यात घराला चुना लावायचा, मुलगा येतोय म्हणून. भिंत बोटभर जाड झाली होती.

आयुष्यभर मी चोरून ऐकलं, सरळ कधी विचारलं नाही. आज विचारतो: तू परत येणार आहेस का? येणार असशील तर तसं लिही. नसशील तर नाही असं लिही. पण मला ‘पुढच्या उन्हाळ्यात’ असं लिहू नकोस.

आणि ती मुलगी कोणाची कोण, घरी कोण कोण आहे, काहीच लिहिलं नाहीस. बोट चालवते म्हणजे हिशेबी असेल की धाडसी? मला दोन्हींची धास्ती वाटते.

राग ओसरेपर्यंत लोभ बाजूला काढून ठेव, टाकू नकोस.
तुझा बाप,
आर्लिंदो


स्कारवोग
२१ जुलै

ती. बाबा,
आशीर्वाद मागतो. वि. वि.

नाही.

हे लिहायला तीन कागद फाडले. मी परत येत नाही. काल ओडवारसमोर दोन वर्षांच्या करारावर सही केली आणि संध्याकाळी यूरूनला सांगितलं. ती म्हणाली की गावाने तिला मे महिन्यातच कळवलं होतं, माझ्याकडूनच यायचं राहिलं होतं. तिच्या घरी आई, दोन भाऊ आणि एक बहिरा कुत्रा आहे. तुमचं पत्र मी तिला भाषांतर करून वाचून दाखवलं. चुन्यापाशी तिने मला थांबवलं आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

राग अजून आहे. थोडा. पण तो आता तुमच्यासमोर बसून संपवायचा आहे, पत्रातून संपणार नाही. आमची शेवटची मॅच १९ ऑक्टोबरला, रविवारी. इदालिनालाही आणा, सहा गाड्या आठवडाभर तुमच्याशिवाय फिरतील. कोणत्या तारखेला उतरता ते उलट टपाली लिहा. ‘पुढच्या उन्हाळ्यात’ हे उत्तर मलाही चालणार नाही.

लोभ बाजूला काढला होता, तो परत जागेवर ठेवलाय.
आपला,
नेल्सन