विहीर क्र. ४१ चे तिन्ही निर्दोष अहवाल रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. पाणी तपासणी अधिकारी,
खासगी विहिरी विभाग,
तळमजला, जिन्याखालची खोली.

विषय : विहीर क्र. ४१ चे पाणी पिण्यास योग्य असल्याचे तीन वार्षिक अहवाल रद्द करून विहीर बंद करण्याचा आदेश तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले तीन अहवाल, तिन्हींत 'जंतू : शून्य'.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
३) आपल्या लिपिकांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा निवृत्त भांडारपाल असून त्याच्या परसातील विहीर आपल्या दप्तरी क्र. ४१ ने नोंदलेली आहे. चार वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने विहिरीस लोखंडी झाकण व रहाट मोफत बसवून दिला. त्याबदल्यात गल्लीतील नऊ घरांना पाणी भरू द्यावे, आणि कार्यालयाच्या लेखी आदेशाशिवाय झाकणास कुलूप लावू नये, अशी अट होती. अर्जदाराने अट वाचून सही केली. न वाचता सही करणाऱ्यांपैकी तो नाही, आणि हेच त्याला आता नडत आहे.

२. दरवर्षी आपल्याकडून नमुन्याची निर्जंतुक बाटली येत असे. बाटली धुवू नये, विहिरीचे पाणी जसेच्या तसे भरावे व सहा तासांत पोहोचवावे, अशी सूचना तिच्यावर बारीक अक्षरांत असते. बाटली पोहोचवण्याचे काम अर्जदाराचे, भरण्याचे त्याच्या पत्नीचे. अर्जदार सहा तासांचा हिशेब घड्याळ लावून ठेवी. बाटलीत काय भरले जाते, हे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. बत्तीस वर्षे भांडारातील प्रत्येक पेटी उघडून मोजणाऱ्या माणसाकडून असे व्हावे, याची नोंद आपण घ्यावी.

३. अर्जदाराची पत्नी गेल्या वर्षी विषमज्वराने आजारी पडली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घरात पाणी कुठलं पिता?" अर्जदाराने खिशातून तिसरा अहवाल काढून त्यांच्यापुढे ठेवला. तो मोठ्या अभिमानाने ठेवला, हे येथे लपवत नाही. डॉक्टर म्हणाले, "मग पाण्याचा प्रश्न नाही," आणि बाहेरच्या खाण्याची चौकशी सुरू झाली. पत्नी बाहेरचे खात नसे. घरी आणल्यावरही तिला तेच पाणी, पेल्याने, स्वतः अर्जदार पाजत होता. तेराव्या दिवशी आतडे फुटले.

४. ती गेल्यावर तिची धाकटी बहीण राहावयास आली. स्वयंपाकघर आवरताना फळीवरील एक वेगळे पातेले पाहून ती म्हणाली, "दाजी, हे ताईचं साहेबांचं पातेलं." चौकशीअंती समजले ते असे. नमुन्याचे पाणी पत्नी त्या पातेल्यात वीस मिनिटे उकळी, निववी, स्वच्छ फडक्यातून गाळी आणि मगच बाटलीत भरी. बहिणीने एकदा हटकले तेव्हा तिने सांगितले, "साहेबांपुढे जाणार ते पाणी. कच्चं कसं पाठवू? घराची लाज जाईल." घरी प्यावयाचे पाणी मात्र ती उकळत नसे. कागदावर शून्य आले असता गॅस कशाला जाळावा, हा तिचा हिशेब होता. महोदय, हिशेब चोख होता. फक्त आपल्या यंत्राने विहीर तपासली नाही, अर्जदाराच्या पत्नीचा नीटनेटकेपणा तपासला, आणि तो तिन्ही वर्षे निर्दोष ठरला.

५. यानंतर अर्जदाराने स्वतः न उकळलेले पाणी भरून खासगी प्रयोगशाळेत दिले. त्यात मैल्यातील जंतू निघाले. शेजारच्या शौचालयाची टाकी विहिरीपासून चौदा पावलांवर असून विहिरीच्या बांधकामास त्याच बाजूने चीर आहे. खासगी अहवाल आपल्या कार्यालयास मान्य नाही. गल्लीसही नाही. शिंपी म्हणतो, "काका, सरकारी कागद खोटा आणि तुमचा खरा?" इस्त्रीवाला पाठ वळताच कपाळाशी बोट फिरवतो, ते अर्जदारास खिडकीच्या काचेत दिसते. अर्जदाराने झाकणास दोनदा कुलूप लावले. दोन्ही वेळा ते तोडले गेले, आणि दुसऱ्या वेळी तोडणाऱ्यांनी आपलीच अट मोठ्याने वाचून दाखवली. सरकारी नळ लांब आहे व विहीर परसात आहे, एवढा एकच मुद्दा त्यांच्या बाजूने असून तो भारी पडत आहे.

६. कोपऱ्यावरील मास्तरीणबाईंची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली असून बाळ एकवीस दिवसांचे आहे. आईचे दूध पुरत नाही म्हणून त्यास डब्यातील भुकटीचे दूध देतात. भुकटी कालवण्यास पाणी क्र. ४१ चे. अर्जदाराने दारात जाऊन हात जोडले. मास्तरीणबाई समजूतदार आहेत, म्हणाल्या, "कोमट करून घेतो हो आम्ही." कोमट आणि उकळलेले यांतील फरक अर्जदाराने समजावण्यास सुरुवात केली, तोच आतून कोणी दार लोटून घेतले.

७. आपले लिपिक सांगतात की, सलग तीन वर्षे शून्य आलेल्या विहिरीची पुढील पाच वर्षे तपासणी होत नाही. जुने अहवाल रद्द करावयाचे तर ज्या व्यक्तीने नमुना घेतला तिचा जबाब हवा. ती व्यक्ती मयत असल्याचे सांगता ते म्हणाले, "मग कठीण आहे. तुम्ही बघा काही जमतंय का."

८. अर्जदाराने बघितले. नोंद केल्याशिवाय तो कशावरही विश्वास ठेवत नाही, त्यामुळे पुढील मजकूर वहीतून उतरवला आहे. गेल्या दोन महिन्यांत सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे पूर्वी ज्या वेळी नमुना भरला जाई त्या वेळी, स्वयंपाकघरात पाणी खदखदल्याचा आवाज सतरा वेळा आला. प्रत्येक वेळी गॅसचा खटका बंद होता. सतरांपैकी नऊ वेळा फळीवरील पातेले हातास कोमट लागले. पहिल्या दिवशी अर्जदार बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. आता तो पाटावर बसतो. भीती वाटत नाही असे नाही, परंतु पत्नीशिवाय विचारण्यासारखे दुसरे कोणी उरलेले नाही. अठराव्या वेळी त्याने वही उघडून रीतसर जबाब घेतला. तो सोबत जोडला आहे.

तरी विनंती की, सोबतचा जबाब ग्राह्य धरून तिन्ही अहवाल रद्द करावेत, आपल्या माणसाने स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने, अर्जदाराच्या घरातील कोणासही बाटलीस हात न लावू देता नमुना घ्यावा, आणि तोवर विहीर बंद ठेवण्याचा एक ओळीचा आदेश द्यावा. शिक्का पुसट असला तरी चालेल.

आपला नम्र व उत्तर येईपर्यंत झाकणावर बसून असलेला,
(सही)
निवृत्त भांडारपाल, मालक, विहीर क्र. ४१
दिनांक ९, सोमवार

सोबत :
अ) खासगी प्रयोगशाळेचा अहवाल.
आ) मृत्यूचा दाखला.
इ) जबाब, खालीलप्रमाणे.

जबाब

"लिहा. पाणी मी उकळलं, तिन्ही वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं. बाटलीवरची अक्षरं मला दिसायची नाहीत, आणि तुम्हाला विचारलं असतं तर चारचौघांत हसला असता. साहेबांनी पहिल्यांदा शून्य लिहिलं तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीला कागद दाखवत फिरलात. मग पुढच्या वर्षी कच्चं पाठवायची माझी हिंमत झाली नाही. पेला तुम्ही धरलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी मागत होते म्हणून दिलात. पाणी लागायचं मात्र गोड, ते खोटं कशाला बोलू."

जबाब देणाऱ्याची सही : नाही.

सही मागितली असता जबाब देणारीने सांगितले, "अहो, सही कसली घेऊन बसलात? बोलता बोलता मास्तरीणबाईंकडे दुसरी कळशी गेली. उठा आधी."