येतं पातं

स्खीडाम, १२ एप्रिल १९८४

चि. डिर्क,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तिकडे कॅनडात त्यांना फारशी किंमत नसेल, तरी जपून ठेव, कधीतरी उपयोगी पडतील.

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना नेमकी झोप येते. समोरचा माणूस आकारावरून ओळखतात, चेहरा दिसत नाही. दिवसभर रेडिओवर हवामान ऐकतात आणि वाऱ्याची दिशा चुकीची सांगितली की त्या निवेदकाचा उद्धार करतात. पवनचक्की सोडून जन्म लोटला, पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

आता मुद्द्याचं. लेन्डर्टकाकांच्या मुलीचा, नेल्त्येचा मला फोन आला होता. काकांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा ते बघतील असं वाटत नाही. चक्कीच्या खालच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि बांधाकडे बघत राहतात म्हणे. नेल्त्येने विचारलं, कुणाची वाट बघताय, तर म्हणाले, गाईंची.

मी बाबांपाशी विषय काढला. त्यांनी रेडिओ मोठा केला. मी तो बंद केला, तेव्हा म्हणाले की तो बोलावेल तर जाईन, आगंतुकासारखा त्याच्या दारात जाणार नाही.

तुझा तेव्हा जन्म व्हायचा होता, म्हणून तुला बाबा आणि काकांचं हे भांडण नुसतं ऐकून माहीत आहे. मी सायकलवर बाबांच्या मागे बसलेली होते. रविवार होता, आजोबांना भेटायला म्हणून सहज निघालो होतो. बांधावर चढलो आणि बाबांनी सायकल थांबवली. समोर चक्कीची पाती सुतकात उभी होती. तुझ्या मुलांना हे कुणी शिकवलं नसेल, तर तू शिकव: वरचं पातं शेंड्याला पोचायच्या आधी थांबवलं तर ते येतं पातं, म्हणजे घरात आनंद. शेंडा ओलांडून थांबवलं तर गेलेलं पातं, म्हणजे घरात मृत्यू. आजोबांनी मला अंगणात उभं करून पाठ करून घेतलं होतं, उजवीकडे झुकलं की आनंद, डावीकडे झुकलं की दुःख. त्या दिवशी ते डावीकडे होतं. अख्ख्या पोल्डरला, बांधाआडच्या त्या सगळ्या सखल मुलखाला, बातमी कळली होती आणि सख्ख्या मुलाला ती बांधावर उभं राहून वाचावी लागली. काका म्हणाले, संध्याकाळी मी स्वतः सांगायला निघणारच होतो. बाबा म्हणाले, मला माझ्या भावाने सांगायला हवं होतं, लाकडाने नव्हे. ते शेवटचं बोलणं.

आणि तरी गंमत बघ. आई गेल्यावर संडासात टांगलेलं, सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर फाटलं, तेव्हा बाबांनी स्वतःच्या हाताने नवीन उतरवून काढलं. त्यात लेन्डर्टचं नाव आहे.

माझ्या मनात एक बेत शिजतोय. आपल्या गल्लीतले स्टाम स्वतःच्या गाडीतून अमेरिकन पाहुण्यांना खेड्यापाड्यांतून एक दिवसाच्या खाजगी सहलीला नेतात. बाबांचा वाढदिवस येतोय. भेट म्हणून सहल द्यायची, चीज खायचं, नदी ओलांडायची, आणि ओलांडल्यावर मग काय ते बघू. तुझं मत कळव.

तुझी ताई,
विलेमीन

हॅमिल्टन, २४ एप्रिल १९८४

प्रिय ताईस,

तुझे आशीर्वाद पोचले, कस्टममध्ये अडवले नाहीत.

बेत वाचून मी रात्रभर तळमळलो, आणि मग हसलो. बाबांना फसवून नेणार? त्या माणसाला डोळ्यांनी दिसत नसेल, पण नाकाने दिसतं. नदीचा वास आला की ते ओळखतील आणि गाडी तिथल्या तिथे वळवायला लावतील. एकदा वळली की पुन्हा तू त्यांना घराबाहेर काढू शकणार नाहीस. हे हात दाखवून अवलक्षण होईल.

त्यापेक्षा काकांनाच पाझर फुटतो का बघ. बाबांना बोलावणं हवंय ना? मग ते आण. मला इतक्या लांबून दुसरं काही सुचत नाही. तू धावपळ करणार आणि मी इथे पोस्टमनची वाट बघणार, याची लाज वाटते, पण खरं ते लिहिलं. मी काकांना कधी पाहिलंही नाही. बाबांना मात्र मी या बाबतीत एकदा रडताना पाहिलंय. दार उघडं राहिलं होतं. ते तुला सांगितलं नव्हतं.

लवकर लिही. वाट बघायला लावलीस तर लोभातून वजा करीन.

तुझा डिर्क

पोल्डरातून, ३ मे

प्रिय विलेमीन,

नमस्कार. लांबण लावत नाही, बाबांच्या औषधाची वेळ आहे.

तू म्हणालीस तसं मी बाबांना विचारलं. आधी म्हणाले, तोंडाने बोलावलं तर माझा भाऊ बास्तियान येणार नाही, त्याला माझ्या तोंडावर विश्वास नाही. नंतर म्हणाले की त्याला सांग, मी पात्यांनी चुकलो होतो, पात्यांनीच बोलावीन. तुम्ही गुरुवारी याल तेव्हा चक्की येत्या पात्यावर उभी असेल. ते दिसलं की समजायचं, लेन्डर्ट दारात उभा राहू शकत नाही, एवढंच.

आता एक कडू गोष्ट. परवा त्यांची शुद्ध हरपली होती. गुरुवारपर्यंत काय होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. काही बरंवाईट झालं, तर चक्की फिरवायला येणारी मंडळी रीतीप्रमाणे पाती लावतीलच, त्यांना मी थांबवू शकणार नाही. तुमच्या घरी फोन करीन, पण तुम्ही निघालेले असलात तर वाटेत कुठे गाठू? तेव्हा बांधावरून आधी तू बघ. बास्तियानकाकांना एकदम बघू देऊ नकोस.

दुपारच्या आत पोचा. उशीर करू नका, ही विनंती.

नेल्त्ये

स्खीडाम, ११ मे १९८४

चि. डिर्क,

आशीर्वाद. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

काल गेलो. सकाळी नेल्त्येचा फोन आला नाही, म्हणजे निघेपर्यंत सगळं ठीक. स्टाम पॉलिश केलेले बूट घालून आले आणि गाडी सुरू होताच त्यांच्या तोंडाची, अमेरिकन पाहुण्यांसाठी पाठ केलेली टेप लागली. आम्ही लोक समुद्राच्या पातळीखाली राहतो, वगैरे. बाबा म्हणाले की हो, माझे पाय वीस वर्षं ओले होते, तेव्हाच शंका आली होती. पण टेप थांबेना. गाय दिसली की गाय, कालवा दिसला की कालवा.

मला सारखं पुढे जायचं होतं आणि बाबांना सारखं थांबायचं होतं. गौडाच्या अलीकडे एका शेतावर चीज चाखायला उतरलो. बाईने कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. बाबा म्हणाले, चला, एकच बिस्किट, म्हणजे अजून आपण आपल्याच देशात आहोत. मग त्या बाईशी गवताबद्दल बोलत बसले. मी तीनदा कोट चढवला, तीनदा काढला. ते निघता निघेनात. नदीपाशी आलो तर फेरीला ही रांग, पुढे गुरांचा ट्रक, आणि एक वासरू उतरून पळालेलं. सगळे त्याच्या मागे. दुपार टळत चालली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त नेल्त्येची ती विनंती.

तू म्हणालास तसंच झालं. फेरीवर चढलो आणि बाबांनी काच खाली केली. हुंगलं. म्हणाले, ही लेक नदी. मग पेपरमिंटची पुडी काढली, एक तोंडात टाकली आणि पुडी परत खिशात ठेवली. आम्हाला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी घाबरले आणि सगळं ओकून टाकलं: काकांचं दुखणं, बोलावणं, पात्यांचा निरोप.

फेरी पलीकडे लागली. मग म्हणाले की त्या माणसाला जीभ नाही का, तेव्हाही लाकूड आणि आताही लाकूड. थोड्या वेळाने म्हणाले, बांधापर्यंत जाऊ. तू बघ आणि मला सांग. येतं पातं असेल तर उतरीन. नसेल तर गाडी वळवायची आणि पुन्हा हा विषय माझ्या घरात काढायचा नाही.

स्टामांची टेपसुद्धा बंद पडली, यावरून काय ते समज.

बांधावर वारा समोरून इतका येत होता की गाडीचं दार उघडेना. मी उतरले. डिर्क, मी बघितलं. वरचं पातं डावीकडे झुकलेलं होतं. त्याच जागी, जिथे मी सायकलवर बसून बघितलं होतं. वासरू, चीज, ते एक एक बिस्किट, सगळ्याचा मला संताप आला. आपण वेळेत पोचलो नव्हतो.

बाबा मागून उतरले, माझी बाही धरली आणि विचारलं, काय म्हणतंय पातं.

मी काय करायला हवं होतं, तू सांग. खरं बोलले असते तर पुन्हा तोच बांध, तीच पाती, आणि पुन्हा त्यांना मरण लाकडाकडून कळलं असतं. दुसऱ्यांदा ते मला होऊ द्यायचं नव्हतं. ठरवलं की दारापर्यंत न्यायचं, तिथे नेल्त्ये हात धरून तोंडाने सांगेल, माणसासारखी. मी म्हणाले, येतं आहे बाबा, आनंद आहे.

ते क्षणभर थांबले. मग माझी बाही सोडून काठी टेकत उतारावरून खाली निघाले. मी मागे. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता खरं सांगावं. दाराशी त्यांनी टोपी काढून हातात धरली. मला रडू फुटलं.

दार नेल्त्येने उघडलं आणि ती हसत होती. आत खिडकीपाशी घोंगडी पांघरून लेन्डर्टकाका बसलेले, जिवंत! बाबा उंबऱ्यातच खिळले. काका म्हणाले की तुला यायला इतका वेळ लागला, कॉफी दोनदा गरम केली. बाबा म्हणाले, वाटेत एक वासरू सुटलं होतं. आणि खुर्ची चाचपडत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत दोघंही वाऱ्यावरच बोलले. एकमेकांचा हात मात्र सोडला नाही.

मी नेल्त्येला बाहेर ओढलं आणि पात्यांकडे बोट दाखवलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. सकाळी वारा फिरला, म्हणून मंडळींनी चक्कीचं तोंड पलीकडे फिरवलं होतं. बांधावरून मी तिची पाठ बघत होते, आणि पाठीमागून उजवं ते डावं दिसतं! अंगणातून समोरून शिकलेला धडा मी पाठीमागून म्हटला. चक्कीवाल्याची मुलगी मी. मी खोटं बोलले आणि ते खरंच निघालं.

हे बाबांना कळता कामा नये. त्यांना ती पाती खरीच वाटू देत. तूही तोंड शिवून ठेव. बायकामुलांना पापे, तीन तीन, आपल्या रीतीने.

तुझी गाढव ताई,
विलेमीन

लेक नदीकाठून, ७ जून १९८४

चि. डिर्क यास बाबांचे आशीर्वाद.

अक्षर स्टामसाहेबांचं आहे. मी सांगतो, ते लिहितात. आम्ही फेरीच्या रांगेत आहोत. आता दर गुरुवारी आमची खाजगी सहल असते. मी त्यांना गाईंबद्दल बोलू देतो आणि ते मला विलेमीनपासून चोरून पत्र लिहून देतात.

तुला एक सांगायचं आहे, ते तिला सांगू नकोस. त्या दिवशी बांधावर ती आनंद आहे म्हणाली, पण गळ्यात हुंदका होता. मला डोळे नाहीत, कान आहेत. येतं पातं बघून कुणी त्या आवाजात बोलत नाही. मी समजलो की लेन्डर्ट गेला. पोर मला दारापर्यंत न्यायला खोटं बोलतेय.

वारा माझ्या तोंडावर येत होता. म्हणजे चक्कीचं तोंड पलीकडे, आणि पोरीला दिसतंय ते उलटं. जन्मभर वारा वाचला, आणि त्या घटकेला एवढं सुचलं नाही. भाऊ गेला असं वाटलं की माणूस वाऱ्याकडे बघत नाही. लेन्डर्टलाही तेव्हा, आपल्या बापापाशी एकट्याने बसलेला असताना, काही सुचलं नसेल. हे मला त्या उतारावर कळलं. इतकी वर्षं का कळलं नाही, ते विचारू नकोस.

गाडी वळवायची असं मीच म्हटलं होतं. पण वळवावीशी वाटली नाही. बोलावणं नाही असं समजूनच मी गेलो, टोपी हातात घेऊन. लेन्डर्टला वाटतं की त्याच्या पात्यांनी बोलावलं म्हणून मी आलो. विलेमीनला वाटतं की तिने मला फसवलं. दोघांचंही तसंच राहू दे. तेवढ्याने त्यांना बरं वाटतं.

लेन्डर्ट आता फारसा बोलत नाही. पुढच्या महिन्यात मी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे. तो गेल्यावर ती सुतकाची पाती कुणीतरी लावायची आहेत, आणि ती मीच लावायची असं आमचं ठरलंय. पण तू काळजी करू नकोस. आधी तुला फोन करीन, मगच चक्कीला हात लावीन.

रांग पुढे सरकली. लोभ आहे, तो तिकडेही पोचत असेल असं धरून चालतो.

तुझा,
बाबा