शेपटी नसलेलं प्रथिन

सोमवार, ४ मार्च
पुन्हा शून्य! जिवाणूंकडून हे मानवी प्रथिन बनवून घेतलं तर नुसत्या गाठी झाल्या, म्हणून माणसाच्या पेशी वाढवल्या. त्यांचा थाट राजेशाही — ऊब हवी, सोवळं हवं, जरा बुरशी लागली की खेळ खलास. त्यांनी प्रथिन भोवतीच्या गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात सोडायचं, आम्ही ते कॉलममधून, म्हणजे मणी भरलेल्या नळीतून ओतायचं. प्रथिनाला आम्ही एक शेपटी जोडलेली असते, ती आतल्या निकेलच्या मण्यांना चिकटते. चिकटलं ते ठेवायचं, गळलं ते सिंकमध्ये. आजही काही चिकटलं नाही.

लॅबचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "पंधरा एप्रिलपर्यंत बघू. नाहीतर हे प्रथिन बंद." शुद्ध प्रथिनच नाही तर त्याचा आकार कसला शोधणार, कप्पाळ!

मंगळवार, ५ मार्च
जेवताना नवऱ्याने विचारलं, "काही लागलं का हाताला?" सासूबाईंनी डोळे वटारले. समोर ताई बसली होती ना! ताई म्हणजे माझी नणंद. माझ्याआधी हेच प्रथिन, हेच टेबल तिचं होतं. दोन वर्षं राबली, काही मिळालं नाही. एकदा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही." ती परत लॅबमध्ये गेली नाही. आता शिकवण्या घेते. लॅबचं नाव निघालं की ताट घेऊन उठते. आजही उठली.

मला भीती वाटते. पुढचा नंबर माझाच.

गुरुवार, ७ मार्च
जनुकाचं जुनं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याची अक्षरं वाचल्याची नोंद, काढून बघितलं. वाचन एकाच बाजूने! सात-आठशे अक्षरांपुढे ते अंधुक होतं आणि आमचं जनुक त्याच्या दुप्पट. म्हणजे शेवट कुणी वाचलेलाच नाही. शितावरून भाताची परीक्षा! मागच्या टोकाकडून वाचायला पाठवलं.

मंगळवार, १२ मार्च
सापडलं!! शेपटीच्या अगदी आधी जनुकाची स्वतःची 'थांब' ही खूण तशीच राहिलीय. पेशी बिचाऱ्या आज्ञाधारक, तिथेच थांबतात. शेपटी बनतच नाही, मग मण्यांना चिकटणार काय? आणि प्रथिन बनलंय की नाही, हे तपासायचो तेही शेपटीवरूनच! आम्ही दळत होतो, सिंक पीठ खात होतं.

ती खूण न काढता शेपटीला जनुक जोडलं कुणी? खुद्द सरांनी. ताई यायच्याही आधी.

गुरुवार, १४ मार्च
या वेळी गळलेलं ओतलं नाही. शेजारच्या विभागातून प्रथिनाचं धडच ओळखणारी अँटीबॉडी मागून आणली. तपासलं तर ठसठशीत काळी पट्टी, म्हणजे गळलेल्यात प्रथिन होतंच! आधी रडले, मग हसत सुटले. झाडूवाल्या मावशी घाबरल्या — "काय गं, काही सांडलं का?" म्हटलं, "खूप सांडलं, मावशी!"

शुक्रवार, १५ मार्च
सरांना दाखवलं. वाटलं, आता बरसणार. त्यांनी पट्टी उजेडात धरली. चष्मा काढून पुसला. "तिचा फोन नंबर तोच आहे?"
"फोन कशाला, सर? घरीच या."
कुठून आलं हे धाडस!

रविवार, १७ मार्च
सर आले. बसले नाहीत. दारातच म्हणाले, "चूक माझी होती. तुझ्या हातांची नव्हती."
ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे बनत होतं?"
"पहिल्यापासून."
ती आत गेली. कडी लावली. सासूबाई माझ्यावर उखडल्या — "खपली धरली होती, कशाला काढलीस?" खरंच, कशाला काढली मी?

बुधवार, ३ एप्रिल
'थांब' काढलं, नव्या पेशी वाढवल्या. आज चिकटलं! चिमूटभरच. आकार बघायला कितीतरी जास्त लागेल, पण आहे! सर म्हणाले, "चालू ठेव." नवऱ्याने घरभर दवंडी पिटली. ताईने भाजी चिरता चिरता विचारलं, "किती?"

गुरुवार, ४ एप्रिल
लॅबमध्ये पोचले तर माझ्या टेबलाशी कुणीतरी उभं. ताई! एप्रन, हातमोजे, कॉलम लावून तयार. मान वर न करता म्हणाली, "गळलेलं कुठे ठेवतेस? ओतत नाहीस ना?"