अर्ध्या गोळीपायी सील झालेले कपाट

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
नियंत्रित औषधे विभाग.

विषय : मॉर्फिनच्या कपाटाचे सील काढण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपल्या निरीक्षकांची दि. ३ ची तपासणी. माझे तीन अर्ज. आपली तीन पत्रे.

महोदय,

१. कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन कक्षाची मी प्रमुख डॉक्टर आहे. खाट क्रमांक सहावर एक शिंपीकाका आहेत. रोग मणक्यात उतरला आहे. मूत्रपिंडे कमजोर, म्हणून त्यांना मॉर्फिनची अर्धीच गोळी देत होते. उरलेली अर्धी तारीख घातलेल्या पुडीत, कुलपात राहत असे. तेवढ्यावर काका झोपत, जेवत आणि परिचारिकेला तिच्या गणवेशाची शिवण कुठे चुकली आहे ते रोज ऐकवत.

२. निरीक्षक आले तेव्हा नोंदवहीत शिल्लक २११ आणि अर्धी होती. कपाटातही तेवढीच होती. परंतु आपल्या तपासणीच्या नमुन्यात अर्ध्याला रकाना नाही. मी पुडी उघडून दाखवली. तुकड्यावर कंपनीची खूण अर्धवट असल्याने तो औषध म्हणून ओळखता येत नाही, असे त्यांनी ठरवले. सबब अर्धी गोळी गहाळ, आणि कपाटाला सील.

३. पहिल्या पत्रात आपण औषधनिर्मात्याचा दाखला मागितलात. ते पद दोन वर्षे रिकामे आहे व ते भरण्याची फाईल आपल्याच टेबलावर आहे. दुसऱ्यात मला मॉर्फिनच्या धोक्यांचे प्रशिक्षण घेण्यास फर्मावलेत. सोबतच्या पत्रकात प्रशिक्षक म्हणून माझेच नाव छापले आहे. तिसऱ्यात, रुग्णाने समक्ष येऊन दुखत असल्याचे लिहून द्यावे, असे कळवलेत. काकांची कूस बदलायला तीन माणसे लागतात. आपले कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे.

४. व्यसन लागेल ही आपली काळजी पोचली. ज्याचे आठवडे मोजलेले आहेत त्याला व्यसन लागण्याइतके तरी जगू द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझे दोन सहकारी आता मॉर्फिन लिहायलाच धजत नाहीत; तापाची गोळी देऊन रुग्णाला घरी धाडतात. मी त्यांना भित्रे म्हणत नाही, त्यांनाही घरदार आहे.

५. दहा दिवस काका ओरडत होते. कालपासून आवाज बसला आहे, नुसते तोंड उघडे राहते. काकू त्या कपाटासमोर स्टूल टाकून बसतात. "बाई, औषध आतच आहे ना? मग मी कुणाच्या पाया पडू?" असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना आपले तिसरे पत्र वाचून दाखवले. मला त्याची लाज वाटते. आपल्याला वाटत नाही याचा संताप येतो. आणखी थोडे थांबलात तर काका जातील आणि आपला सुंठीवाचून खोकला जाईल, हेही मला समजते.

६. म्हणून यापुढे विनंती नाही. उद्या सकाळी दहा वाजता मी स्वतः सील तोडणार आहे आणि नोंदवहीत 'अर्धी दिली' असे लिहून सही करणार आहे. परवाना रद्द करावा, गुन्हा नोंदवावा. कबुलीजबाब म्हणून हाच अर्ज जोडावा. पोलीस मात्र अकरानंतर पाठवावेत. गोळी लागू पडायला तासभर लागतो, आणि तोवर मी खाट सहाजवळून हलणार नाही.

कालपर्यंत आपली नम्र,
(सही)
प्रमुख डॉक्टर, वेदनाशमन कक्ष
दि. १४

सोबत : आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.