कोंड्यातला हात

आई, तुझी नातसून म्हशीचं आंबोण भिजवून घरात ठेवते आणि त्यात काकड्या पुरते. खोटं नाही सांगत. ड्रेस्डेनला, तिसऱ्या मजल्यावर, पांढऱ्याशुभ्र ओट्याखाली ही एवढी मोठी बरणी. त्यात भाताचा कोंडा, मीठ आणि पाणी. इथे संध्याकाळी कसलेकसले वर्ग असतात, तिथे एका जपानी बाईंकडून शिकून आली. आधी फुटलेला कप सोनेरी रेघांनी जोडायला शिकली. टवका उडालेली बशी दिसली की तू डोळे वटारायचीस, इथे तो कप फळीवर मांडलाय, आल्यागेल्याला दाखवायला. मग कोंड्याची पुरचुंडी करून तोंड धुवायला लागली. त्यातून पांढरं पाणी गळतं आणि ही ते गालांवर फिरवते. अहो आई, तुम्हीपण बघा ना, मऊ होते त्वचा, म्हणाली. मी म्हटलं, माझी त्वचा सत्तरीला आली, आता मऊ होऊन कुठे जायचंय तिला. पण एकदा लावून बघितलं, तेही सांगून टाकते. झाली मऊ. वास मात्र दिवसभर नाकातून गेला नाही, गोठ्यात तोंड धुतल्यासारखं वाटत राहिलं.

तरी पुरचुंडी परवडली, ती बरणी नको. झाकण काढलं की आंबट, ओलसर भपका येतो. आणि त्यात रोज हात घालायचा. पळी नाही, डाव नाही, उघडा हात, पार तळापासून वर कालवायचं. एखादा दिवस चुकला तर वर बुरशी धरते. घरातल्या माणसांच्या हातांनीच त्याला चव येते म्हणे. हे ऐकल्यावर मला जेवण जाईना. तू लोणचं घालायचीस तेव्हा हात कोरडे, पळी कोरडी, वर फडक्याचा दादरा घट्ट बांधलेला, आणि त्या कोनाड्याकडे आम्ही पोरींनी फिरकायचं नाही. आमच्या हातांचा काही भरवसा नव्हता ना.

इथे ढवळायचं काम तुझ्या पणतीने मागून घेतलंय. बारा वर्षांची आहे. तिच्याबद्दल लिहायला बसले तर वही पुरायची नाही. नाक थेट तुझं. मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. मी काही विचारलं की या, आजी, म्हणजे हो आजी, एवढं मला समजतं, पुढचं तिचं तिला ठाऊक. शाळेतून येते, दप्तर फेकते, बाही वर सारते आणि बरणीपाशी फतकल मारते. काकडी उकरून काढते, धुते, कचाकचा खाते, मलाही भरवते. ती पाठमोरी झाली की मी तो घास हळूच रुमालात घेते. पण तिला खाताना बघायला मला इतकं आवडतं की रोज त्या वासात जाऊन बसते.

मागच्या महिन्यात तिला पहिल्यांदा कावळा शिवला. सुनेने केक आणला, बापाने डोक्यावरून हात फिरवला, मी शिरा केला. कोपऱ्यात बसवणं नाही, कुजबुज नाही. मला फार बरं वाटलं, आई. आणि दुसऱ्याच दिवशी पोरीने बरणीत हात घातला तशी मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"हात काढ आधी."

माझं मनगटही तू असंच धरलं होतंस. मी तेरा वर्षांची होते. तू शेतावर गेलेली, दारात पाहुणे, आजोबांनी लोणचं मागितलं, मी कोपऱ्यात बसलेली, ते विसरले आणि दादरा सोडला. तू आलीस, दोन्ही चुलत्यांसमोर विचारलंस, ह्या हातांनी? आणि वर्षाचं लोणचं उकिरड्यावर ओतलंस. माझ्याकडे बघताना तुझं तोंड कसं वाकडं झालं होतं, ते मला अजून दिसतं. तिन्हीसांजेला मी त्यातली एक फोड उचलली, आडावर धुतली आणि खाल्ली. चांगली होती गं. काहीएक झालं नव्हतं तिला. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी पुढे माझ्या संसारात मी तेच पाळलं. त्या फोडीची नाही, आता मला याची किळस येते.

पोरीने हात बाहेर काढला. बोटांवरून कोंडा ओघळत होता. हात उलटासुलटा करून बघितला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, माझा हात घाण आहे?"

सून भांडी घासत होती. ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हात नाही गं," मी म्हटलं, "नखं वाढलीत तुझी."

नखं चांगली होती. पण तेव्हापासून ती रोज नखं कापते. कापायला काही उरलेलं नसतं तरी कापते, मग माझ्यापुढे येऊन दहाही बोटं धरते. मी बघते, मान हलवते, मगच बरणी उघडते ती. मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरेल. सुनेला मी म्हटलं, तूच सांग ना तिला. ती म्हणाली, "अहो आई, हात तुम्ही काढायला लावलात. तुम्हीच सांगा."

परवा मी तिच्याआधी माझा हात बरणीत घातला, कोपरापर्यंत. गिळगिळीत, गार, नखांत शिरणारं, शी. पोरगी हसून हसून लोळली. नखांचं खोटं होतं हे तेव्हाच सांगायचं होतं, पण मीही तिच्याबरोबर हसत बसले. ती उठली, हसतहसतच हात धुतले आणि सवयीने बोटं पुढे केली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? चौथीपर्यंतच्या शाळेवर एवढं लिहिलं, आणि तिला सांगायचं ते तुलाच सांगत बसले. आता ती आलीय. दप्तर पडल्याचा आवाज झाला. न्हाणीघरातला खण उघडतेय, बंद करतेय, बापाला हाका मारतेय. नेलकटर शोधतेय ती. तो माझ्या उशीखाली आहे. कालपासून मीच लपवलाय.