गाभाऱ्यातलं पाणी

अप्पा, फाल्गुनात तुमचे जावई गेले आणि त्या दिवसापासून माझ्या देव्हाऱ्यात दिवा लागलेला नाही. त्यांचं दुखणं काही वर्षं चाललं. नगरच्या दवाखान्यांचे उंबरे झिजवले, सोमवार सोडला नाही, उपास मोडला नाही, आणि शेवटी पदरात काय पडलं ते दिसतंच आहे. दिवसपाणी झाल्यावर नणंद म्हणाल्या, "वहिनी, आता दिवा लावा. देवावर राग धरू नये. त्याला जाब विचारणारे आपण कोण?" मुलगी नेमकं उलट म्हणते, "आई, बंद केलंस ते बरं केलंस. तिथे ऐकायला आहेच कोण?" दोघींच्या तावडीत मी धड इकडची ना धड तिकडची. रोज सकाळी वात वळते, निरांजनात ठेवते आणि तशीच उठते. मग दिवसभर घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं, एका जागी बसवत नाही. अशा वेळी माणसाला आई आठवते म्हणतात. मला तुम्ही आठवता, आणि तेही बहात्तरच्या दुष्काळातले.

हल्ली लोक निवडणुकीच्या निकालाआधी हसत हसत सांगतात की आम्ही देव पाण्यात घालून बसलोय. मला हसू येत नाही. मिरजगावच्या पलीकडच्या आपल्या उजाड माळावरच्या गावानं ते खरोखरच केलं होतं. दुसऱ्या वर्षीचा श्रावणही कोरडा चालला होता. बाभळीसुद्धा वाळल्या होत्या, आणि तुम्ही घरोघरी वाटायला बेल आणायचात तो कुठून आणायचात, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. पारावर म्हातारी माणसं जमली आणि पाटील म्हणाले, "आता महादेव कोंडायचा. गाभारा भरून टाका. त्याचा जीव गुदमरला म्हंजी झक मारत वरनं पानी सोडंल." जुनीच रीत. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायचं भोक बुजवायचं आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं, पाऊस येईपर्यंत तसंच ठेवायचं. भोक बुजवायचा मान गुरवाचा, म्हणजे तुमचा.

त्या दिवशी दुपारी तुम्ही चुलीपुढे भाकरी खात होता. मी सातवीत होते आणि तोंडाळ होते. मी म्हटलं, "अप्पा, देव गुदमरतो का? गुदमरत आसंल तर त्यो देव कसला? आन् गुदमरत नसंल तर मग पानी कशाला नासायचं?" तुम्ही उष्ट्या हातानंच माझ्या थोबाडीत दिलीत. "गुरवाच्या घरात ऱ्हाऊन देवावर सौंशय घेती? तोंड आवर!" आई म्हणाली, "पोरीनं वंगाळ काय इच्यारलं?" तर तुम्ही तिलाही गप्प केलंत. बोटांना ठेचा लागलेला होता, माझा गाल संध्याकाळपर्यंत जळत होता. पण आत त्याहून जास्त जळत होतं. अख्ख्या गावानं देवाला बुडवायचं ते चालतं, आणि गुरवाच्या पोरीनं एक प्रश्न विचारला तर मार, हा कुठला न्याय? या वयातही ते आठवलं की माझ्या कपाळाची शीर उठते.

गाभारा भरला. ओढ्याच्या पात्रात खणलेला झरा तेवढा जिवंत होता, वाटी वाटीनं पाणी यायचं. घरटी एक घागर म्हणता म्हणता चार चार घागरी गेल्या, कारण पायऱ्या उतरून खाली जावं लागायचं असा तो गाभारा काही लहान नव्हता. घरी आम्ही गढूळ पाणी फडक्यातून गाळून पीत होतो आणि वाजत गाजत नितळ पाणी देवाला घालत होतो. मीही घातलं. पिंड दिसेनाशी झाली तेव्हा बायांनी हात जोडले. मंडपात भजन बसलं. आभाळ मात्र चकचकीत कोरडं, घासून ठेवलेल्या परातीसारखं.

पुढच्या सोमवारी पहाटे आईनं मला वाती घेऊन तुमच्याकडे पाठवलं. मी मंडपातल्या खांबापाशी येते आणि थांबते. तुम्ही धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे आहात. आत दुसरं कुणी नाही, आणि तुम्ही बोलताय. मंत्र नव्हे. भांडताय. "बोल की. समद्या गावाचं पानी प्यालास, आता तरी त्वांड उघड. बाया रिकाम्या घागरी घिऊन वणवण फिरत्यात, तुला दिसत न्हाई? तुज्यापायी म्या पोरीवर हात उचालला. तिनं इच्यारलं ते खरं का खोटं, येवढं तरी सांग." आणि मग तुम्ही थांबलात. मान जराशी कलती करून, कमी ऐकू येणारा माणूस थांबतो तसे. मीही कान देऊन उभी होते. कसलाही आवाज आला नाही. थोड्या वेळानं तुम्ही वाकून पाण्यात हात घातलात, बुडालेल्या पिंडीवर चाचपून बेल ठेवलात आणि रोजची पूजा केलीत. मी पाऊल न वाजवता बाहेर जाऊन पुन्हा मोठ्यानं हाक मारत आत आले.

त्याच दुपारी बौद्धवस्तीतली एक बाई आपल्या दारात आली. कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. त्यांचा झरा ओढ्यात आपल्या झऱ्याच्या खालच्या अंगाला होता. वरचं पाणी उपसलं की खाली उतरणार काय? हे गावात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, की आलं होतं आणि सोडून दिलं होतं, देव जाणे. ती ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "गुरवदादा, तुमच्या द्येवाला आमी मानत न्हाई, ते तुमाला ठावं हाय. त्याच्याकडं काय मागायला आले न्हाई. पर आमच्या झऱ्याचं पानी त्यानं ठिवून घेतलंय. लेकराच्या घशाला कोरड पडलीया." आईनं आपल्या घागरीत डोकावून पाहिलं. तळाला गाळ होता.

तुम्ही उठलात, भर उन्हात देवळाच्या मागच्या अंगाला गेलात आणि तुमच्याच हातानं बसवलेला चिंध्यांचा आणि मातीचा बोळा काठीनं ढोसून काढलात. पाणी धो धो बाहेरच्या दगडी कुंडात पडायला लागलं. मागोमाग आलेल्या त्या बाईनं पदर धरून पाणी गाळलं, आधी लेकराच्या ओठाला लावलं. पाठोपाठ त्यांच्या वस्तीतल्या बाया आल्या, मग आपल्यातल्याही आल्या, तोंड लपवत. गाव गोळा झालं तेव्हा पिंड कोरडी पडत आली होती. पाटील ओरडले, "गुरवा, द्येव उघडा पडला!" तुम्ही म्हणालात, "पडू द्या. त्याला काय लाज हाय?" मला त्या क्षणी तुमची भीती वाटली आणि अभिमानानं रडूही आलं.

पाऊस आला नाही. साऱ्या पंचक्रोशीत कुठेच आला नव्हता, पण आपल्या गावापुरतं त्याचं खापर तुमच्यावर फुटलं. दारात बेल घेईनात, मंडपात पाय ठेवू देईनात. तुम्ही आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलात, मीही सुट्टीत यायची. एकदा कामावर वाटलेली सुकडी खाताना मी धीर करून म्हटलं, "मला मारलं, आन् तुमी सोता त्याच्याशी भांडत हुता. म्या ऐकलंय." तुम्ही चपापला नाहीत. म्हणालात, "ज्याच्याबद्दल इच्यारायचं, त्याच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन इच्यारावं. त्याच्या मागारी न्हाई."

"आन् त्यानं जबाब न्हाई दिला तर?"

"मग आपल्याला सुदरंल ते करावं. आन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा इच्यारावं."

तुम्हाला वाटलं असेल पोरीची समजूत पटली. नाही पटली, अप्पा. तेव्हाही नाही आणि आजही नाही. हे उत्तर आहे की पळवाट, हे मला आयुष्यभर ठरवता आलेलं नाही. देवाशिवायच सुचेल ते करायचं असेल, तर रोज त्याच्या दारात उभं कशाला राहायचं? आणि उभं राहायचंच असेल, तर न बोलणाऱ्याला किती वर्षं सांभाळून घ्यायचं? पुढच्या साली पाऊस झाला आणि गावानं जणू काही घडलंच नाही अशा थाटात तुम्हाला पूजेला बोलावलं. तुम्ही गेलात. मी तुमच्या जागी असते तर गेले नसते.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मी तुमचंच ऐकलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून देवाला तोंडावर विचारलं. रागानं विचारलं, गयावया करून विचारलं. काही आलं नाही. पण तुम्हाला निदान काठी घालायला एक भोक होतं. मला काय सुधरायचं होतं? डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मी त्यांना घरी नेलं. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं, आणि मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

काल मुलगी परत म्हणाली, "आई, एकदा सरळ कबूल कर ना की तिथे कुणी नाही. मोकळी होशील." तिचं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतंय. विश्वास म्हणाल तर माझ्यात तो आता फारसा उरलेला नाही. हे कागद मी कुठे पाठवणार नाही आणि मुलीला दाखवणारही नाही, म्हणून लिहून टाकते. तिथे कुणीच नसेल, अप्पा, तर त्या पहाटे गुडघाभर पाण्यात मान कलती करून तुम्ही एकटेच थांबला होता. ते मला सोसत नाही. एवढ्याचसाठी तिला अजून 'हो' म्हटलेलं नाही.